तळ सरकतो का?

समजा, तुम्ही नदीच्या काठावर उभे आहात आणि या नदीतून सेकंदाला किती पाणी जातं ते तुम्हाला मोजायचंय. बादली घेऊन भागणार नाही. तुमच्या हातात दोरीचं एक टोक आहे, पलीकडच्या काठावरच्या माणसाच्या हातात दुसरं, आणि मधे पाण्यावर दोन हात लांबीची पिवळी होडी. होडीच्या पोटात एक यंत्र बसवलंय, तोंड खाली करून. ते पाण्यात आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक कणांवर आपटून तो परत येतो तेव्हा त्याची पट्टी किंचित बदललेली असते, आणि त्यावरून पाण्याचा वेग कळतो. तळावर आपटून आलेल्या आवाजावरून खोली कळते, आणि होडी किती सरकली तेही. तुम्ही फक्त दोरी ओढत राहायचं, सावकाश, झोळीतलं मूल उठू नये इतकं सावकाश. होडी पलीकडे लागली की स्क्रीनवर एक आकडा येतो. त्या आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवाल?

ती ठेवायची. जगात तेवढ्या एकाच गोष्टीवर.

बाकी कशावरच नाही. कुलूप लावल्यावर ती ते तीनदा ओढून बघायची. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या घरी आल्यावर मोजायची. नवऱ्याने 'निघालो' म्हणून फोन केला, तर मागे गाड्यांचे आवाज येतायत का ते आधी ऐकायची. "खात्री केलीस का?" हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा तिच्या तोंडून निघायचं, की ऑफिसात तिचं नावच खात्रीबाई पडलं. चौदा वर्षं ती नदी मोजत होती. होडी नवी आली तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली. हिने मात्र महिनाभर मॅन्युअल उशाशी ठेवलं. माणसं खोटं बोलतात, आवाज कशाला बोलेल, असं तिचं म्हणणं.

तिच्याकडे मोजायच्या दोन जागा होत्या. वरची जागा धरणाच्या खाली, खडकाळ. खालची चार मैलांवर, पुलापाशी. या दोहोंच्या मधे एक कालवा फुटत होता, आणि त्याच्या तोंडाशी एक लोखंडी गेट. गेट किती उचलायचं त्याचा रोज वरून हुकूम यायचा. हिशेब सरळ होता: वरून आलेल्या पाण्यातून कालव्याचं वजा केलं, की उरलेलं खाली पोचायला हवं.

पोचत नव्हतं. त्या आठवड्यात वर एकशे चाळीस घनमीटर होते. कालव्याला वीस द्यायचे होते. खाली एकशे वीस यायला हवे, तर आले एकशे सात. सेकंदाला तेरा घनमीटर पाणी वाटेतच गायब! तिने दुसऱ्या दिवशी मोजलं, तिसऱ्या दिवशी मोजलं. तेराच.

कालव्याचं तोंड वरून सिमेंटने झाकलेलं, तिथे होडी शिरत नव्हती. आत किती पाणी जातं याची नोंद गेटवालाच करायचा, स्वतःच्या हाताने. आणि गेटवाला होता तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिचे भाऊजी.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. कालव्याकाठी गेल्या दोन वर्षांत मोठमोठी मत्स्यतळी झाली होती. त्यांना पाणी हवंच असणार. आणि ताईच्या स्वयंपाकघरात दोन दारांचा नवा फ्रिज आला होता. तिने तो उघडून बघितला होता. आत अर्धं लिंबू आणि दुधाची पिशवी. इतका मोठा फ्रिज कशाला लागतो दोन माणसांना?

तिने रिपोर्टवर सही केली. गुरुवारी साहेबांनी भाऊजींना नोटीस काढली: सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर निलंबन. भाऊजींच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

त्याच संध्याकाळी ताई दारात उभी. आत यायलाही तयार नाही.

"सही तुझी आहे?"

"आकडा माझा नाही ताई, यंत्राचा आहे."

"सही तुझी आहे का विचारतेय."

"आहे."

"लहानपणी माझ्या ताटातली भजी मोजायचीस, तेव्हाच ओळखायला हवं होतं," ताई म्हणाली. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणतात ना, ती माझ्याच आईच्या पोटी निघाली." आणि गेली. चपलांचा आवाज जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

तिला रडू आलं नाही. तिला वाटलं, एवढी चिडली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

शुक्रवारी दुपारी ती काम काढून गेटवर गेली. भाऊजी पाण्याच्या पातळीची पट्टी वाचायला खाली उतरले होते. गेट त्या वेळी हुकुमाएवढंच उघडं होतं, ते तिने आधी मोजून घेतलं. गेट उचलायचा जो जाड आट्यांचा दांडा असतो, त्याच्यावर, अगदी चौकटीला लागून, तिने लाल नेलपॉलिशचा टिपका लावला. केसाएवढा. गेट बोटभर जरी उचललं असतं तरी टिपका वर सरकून दिसला असता. शनिवारी सकाळी हुकूम बदललेला नव्हता. तिने आधी खालची जागा मोजली: तेरा कमी. मग ती तडक गेटवर गेली, वाकली.

टिपका जिथल्या तिथे.

"चहा घेणार?" मागून भाऊजी. हातात दोन पेले. "ताईकडून नेलेली बाटली परत दे म्हणजे झालं. तिचा रंग आहे तो. काल शोधत होती."

तिच्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं. "तुम्हाला दिसला?"

"सव्वीस वर्षं या दांड्याला ग्रीस लावतोय मी. याच्यावर माशी बसली तरी कळतं."

"मग पुसला का नाही?"

"पुसला असता तर तू म्हणाली असतीस, पुसला." त्यांनी पेला कठड्यावर ठेवला. "तू सगळ्यांची खात्री करतेस. माझी केलीस, बरं केलंस. पण तुझ्या त्या पिवळ्या पोरीची कुणी करायची?"

"ती खोटं बोलत नाही."

"मीही नाही बोलत. आता आम्हा दोघांतलं कोण, ते तू बघ."

परतताना ती स्कूटरवर स्वतःशीच पुटपुटत होती. टिपका त्यांनी बघितला म्हणजे पुरावा बाद. गेट उचलून पुन्हा बरोबर त्याच जागी आणता येतं, सव्वीस वर्षांच्या हाताला काय अवघड! पण मोजताना, म्हणजे नेमकं त्याच वेळी, पाणी कमी होतं आणि तासाभरात टिपका जागेवर होता. दोन्ही खरं कसं असेल?

ऑफिस रिकामं होतं. तिने खालच्या जागेचे सगळे तक्ते काढले आणि पहिल्या रकान्यापासून वाचायला बसली, जणू दुसऱ्या कुणी भरलेत. तारीख. वारा. होडीची फेरी. सातव्या रकान्यात छापलं होतं: 'तळ सरकतो का?' आणि पुढे तिच्या वळणदार अक्षरात: नाही. पुढच्या तक्त्यात: नाही. त्याच्या पुढच्या: नाही. एकसष्ट तक्ते, एकसष्ट नाही.

तिने हे कधी तपासलं होतं? पुलाखाली, सुरुवातीला. तिथे खडक होता. दोन वर्षांपूर्वी पुलाची दुरुस्ती निघाली आणि मोजायची जागा तीनशे पावलं खाली सरकली. तिथे वाळू होती. तक्ता भरताना ती मागचा तक्ता समोर ठेवायची, आणि 'नाही' तसाच खाली उतरायचा. आयुष्यभर कुलूप तीनदा ओढणाऱ्या बाईने हे एक दार नुसतं लोटून ठेवलं होतं.

रविवारी तिने पलीकडच्या काठावरच्या दोरीवाल्या काकांना घरून उठवून आणलं.

"रविवारी नदी वाहते होय?" काका कुरकुरले.

"आज ओढायची नाही काका. आज फक्त धरून ठेवायची. मधोमध. दहा मिनिटं."

"धरून काय कळणार?"

"तेच बघायचंय."

दोन्हीकडून दोरी ताठ झाली. होडी नदीच्या मध्यावर खिळल्यासारखी उभी. तिने समोरच्या काठावरच्या एका दगडाशी तिची रेघ जुळवली. ती तसूभर हलली नाही. आणि गुडघ्यावरच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर मात्र होडी चालू लागली, प्रवाहाच्या उलट, धरणाच्या दिशेने. दहा मीटर. तीस. दहा मिनिटांनी यंत्राच्या मते होडी नव्वद मीटर वर गेली होती.

"काका, सोडली नाहीत ना?"

"हात बघा माझे!" काका ओरडले.

स्टँडवर आपली बस उभी असते आणि शेजारची मागे सरकायला लागली की आपल्याला वाटतं आपणच पुढे निघालो. यंत्राचं तेच झालं होतं. ते तळाला स्थिर समजत होतं, आणि एवढ्या जोराच्या पाण्यात तळाची वाळू प्रवाहाबरोबर गुपचूप खाली चालली होती. त्यामुळे होडीच वर जातेय असं त्याला वाटायचं, आणि पाणी होतं त्यापेक्षा हळू वाहतंय असं दिसायचं. तिने आणखी दोन ठिकाणी होडी धरायला लावली, वाळूच्या वेगाचा नदीच्या रुंदी-खोलीशी गुणाकार केला, पुन्हा केला. बारा आणि काही. तेरातले जवळजवळ सगळे.

सोमवारी साहेबांनी तक्ता शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला. "म्हणजे गेटवाले सुटले. पण बाई, तुमच्या सेवापुस्तकात नोंद येणार."

"येऊ द्या."

संध्याकाळी ती बाटली घेऊन ताईकडे गेली. ताईने बाटली उजेडात धरून बघितली. "केवढी संपवलीस गं!" म्हणाली आणि फ्रिज उघडून तिच्यापुढे सरबत ठेवलं. तिने फ्रिजबद्दल विचारलं नाही. विचारावंसं वाटलं मात्र.

गोष्ट इथे संपली असती तर तिला झोप लागली असती. पण एकसष्ट तक्त्यांपैकी एक तक्ता तिने बाजूला काढून ठेवला होता, दीड वर्षापूर्वीचा. तेव्हा भाऊजींना काही महिन्यांपुरतं दुसऱ्या गेटवर पाठवलं होतं, आणि या गेटवर एक उंच, कमी बोलणारा माणूस होता. तेव्हाही पाणी कमी पडलं होतं, सहा घनमीटर. तिने सही केली होती. त्याने खुलासा दिला नाही, कुणी मागे लागलं नाही, आणि त्याची नोकरी गेली. त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला खात्री पटली होती. त्याच्यासाठी तिने नेलपॉलिशसुद्धा लावलं नव्हतं.

तो आता एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये टोकन देतो, हे तिला माहीत होतं. बुधवारी ती तिथे स्कूटर घेऊन गेली. त्याने टोकन दिलं. तिने सवयीने नंबर दोनदा बघितला.

"बरोबर आहे, बाई," तो म्हणाला.

तिने बरीच तयारी केली होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "तेव्हा तुम्ही गेट जास्त उचललं होतं का?"

त्याने टोकनांचा गठ्ठा खिशात टाकला. "आता विचारताय? तेव्हा तर नाही विचारलंत." आणि मागच्या गाडीला हात करायला निघून गेला.

'हो' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही.

तिने घरी येऊन तो तक्ता पुन्हा उघडला. त्या दिवशी नदीत पाणी आजच्यापेक्षा कमी होतं, वेगही कमी. तेवढ्या वेगाला वाळू हलते, किंवा हलत नाही. अगदी सीमेवरचा आकडा. पाणी पुन्हा त्या पातळीला आलं की ती होडी धरून बघणार आहे, काकांना सांगून ठेवलंय. पण तोवर वाळू दुसरी असेल, तळ दुसरा असेल. तिने सातव्या रकान्यातला स्वतःचा 'नाही' बोटाने झाकला. छापलेला प्रश्न तेवढा उरला, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तो तिला प्रश्न वाटला. त्या दिवशी, त्या पाण्याखाली, तळ थांबलेला होता की चाललेला?