पूल उघडेपर्यंत

शिकागोच्या नदीत, भर दुपारी तीन वाजता, शालनताईंचा डोळा लागतो. आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. तिकडं साताऱ्यात मध्यरात्र उलटून गेलीय आणि ताईंचं अंग अजून तिकडच्याच घड्याळावर चालतंय. पर्यटकांची बोट पाळण्यासारखी डुलते, गाइड मुलगी भोंग्यातून एकेका इमारतीची जन्मकुंडली सांगते, शेजारी मुलगा रणजित फोटो काढत सुटलाय. ताईंच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. एखादी खावी म्हणून झाकण काढलं, ते तसंच राहिलं.

झोपेतसुद्धा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच आहे. ती काही आजची नव्हे. दीड वर्षापूर्वी मालक गेले. हिंदुराव, बांधकाम खात्यातले ओव्हरसियर. दहाव्याच्या दिवशी ताई तापानं फणफणलेल्या, माहुलीच्या घाटावर जाता आलं नाही. रणजित परत येऊन म्हणाला, "शिवला गं कावळा. लगेच शिवला." आता लगेच शिवला, तर ही मंडळी दीड वाजेपर्यंत नदीवर काय करत होती? पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे माणसाचं काहीतरी मागं राहिलंय. मग लोक वाट बघून कंटाळतात, दर्भाचा कावळा करून शिववतात आणि घरी जेवायला येतात. तसंच केलं असणार! ताईंनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा रणजित चपला शोधायला लागला. आणि आता एकाएकी या पोराला आईचा एवढा पुळका? अमेरिकेची सहल काय, आणि त्यात शिकागो सोडायचंच नाही असा हट्ट काय!

"दमलीस का?" कुणीतरी विचारतं.

शेजारी रणजित नाही. मालक बसलेत. क्रीम रंगाचा बुशकोट, खिशाला दोन पेनं, हातात मोजायची फीत. ताई दचकत नाहीत, आधी नीट निरखून घेतात. एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं 'दमलीस का' असं एकदाही विचारलं नव्हतं.

"कोण तुम्ही?"

"काय गं, ओळखलं नाहीस?"

"चहात साखर किती घेता?"

"तू घालशील तेवढी."

झालं! ताईंची खात्रीच पटते. हे हिंदुराव नव्हेतच. साखर जरा कमी पडली की कप सरकवून देणारा माणूस तो. हा दुसराच कुणीतरी सोंग घेऊन आलाय. त्या डबा छातीशी धरून उठतात.

बोटीच्या दोन पायऱ्या चढल्या की साताऱ्याचं स्वयंपाकघर लागतं. फक्त भिंती काचेच्या, आणि नदी नव्वद मजले खाली. दूध उतू जातंय. ताई गॅस बंद करायला हात घालतात, तर तिथं लिफ्टची बटणं. एक दाबतात. दार उघडतं ते बांधकाम खात्याच्या कचेरीत. शिपाई सगळे गोरे, पण फायली त्याच, लाल दोऱ्यांच्या. मालक मागोमाग येतायत, ताईंची पर्स हातात घेऊन. पर्स! चारचौघांत बायकोची पिशवी धरायची म्हटलं की ज्यांचा हात दुखायचा, ते!

"ती द्या इकडं."

"असू दे. तू बघ चारी बाजूला. फिरायला आलीयस ना?"

"इतकं गोड बोलू नका. मला भीती वाटते."

ते न विचारता डब्यातली पुरी उचलतात, चावतात आणि तोंड वाकडं करतात.

"ओवा कमी पडलाय. कणीकही सैल मळलीस."

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. हेच ते! एवढ्या लांब नावं ठेवायला दुसरं कोण येतंय? दीड वर्षात घरात त्यांच्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलेलं नाही, आणि त्याच्याइतकं वाईट त्यांना दुसऱ्या कशाचं वाटलं नव्हतं.

"अहो, खरं सांगा. कावळा शिवला होता का?"

कचेरीचा जिना उतरला की माहुलीचा घाट. पलीकडच्या काठावर देवळाच्या जागी काचेचे मनोरे, आणि मधे तो पूल. तोच! हिंदुरावांनी मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. चाळीस वर्षं आल्यागेल्याला कपाट उघडून दाखवायचे. "शिकागोतला आहे. रस्त्यासकट उभा राहतो! डांबरासकट!" लोक हो हो म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे.

"अगोदर हा उघडू दे," मालक म्हणतात.

पूल मधोमध उकलतो. रस्ता उभा राहतो, त्यावरची पिवळी रेघ आभाळाकडं जाते आणि एक खडासुद्धा घरंगळत नाही. हिंदुरावांच्या हातातली फीत खाली पडते. ते बघतायत पुलाकडं, आणि ताई बघतायत त्यांच्याकडं. रणजित झाला तेव्हासुद्धा या तोंडावर एवढा आनंद नव्हता. ताईंना त्या वेळचा राग आत्ता येतो आणि आत्ताच जातो.

उरलेली अर्धी पुरी मालक डब्यात परत ठेवतात. "ही तुझी."

पुन्हा संशय! "माझ्यासाठी कधी ताटात काही ठेवलं होतंत का?"

"नव्हतं," ते म्हणतात. "म्हणून तर."

"आई! अगं आई, हाकल त्याला!"

रणजित हात झाडतोय. काळं काहीतरी मांडीवरून फडफडत उडतं आणि समोरच्या पुलाच्या लोखंडावर जाऊन बसतं. पूल जागच्या जागी आहे, त्यावरून बस चाललीय.

"काय होतं रे?"

"कावळा. डब्यात तोंड घालून गेला."

ताई त्याच्याकडं रोखून बघतात. "खरंच कावळा, का तू आपलं म्हणतोस?"

"शप्पथ, आई. कावळाच."

डब्यातली वरची पुरी अर्धीच आहे.

"आणि माहुलीला?"

इथं चपला शोधायची सोय नाही. 

"नव्हता शिवला," रणजित शेवटी म्हणतो. "ज्यानं त्यानं जे सुचेल ते कबूल करून पाहिलं. मी म्हटलं, आईला सांभाळीन. नाही आला. मग म्हटलं, आबा, आईला घेऊन शिकागोला जातो, तुमचा पूल बघून येतो. तरी नाही. गुरुजी म्हणाले, उन्हं चढली. मग दर्भाचा केला. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो गं?"

ताईंना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण कोसळू. पण त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवतात.

"अरे वेड्या, नुसतं जातो म्हटल्यावर कसा शिवेल? जन्म बांधकाम खात्यात गेला त्यांचा. जागेवर येऊन पाहणी केल्याशिवाय सही करतील होय ते?"

आणि त्या डब्यातली अर्धी पुरी उचलतात.

"आई! कावळ्यानं उष्टावलीय ती!"

"माहीत आहे मला."

ताई घास चावतात. पुलावर बसलेला तो काळा ठिपका अजून हललेला नाही.

ओवा खरंच कमी पडलाय.