बुकातली मागणी

मॅट्रिकच्या वर्षी मी हट्टानं अर्थशास्त्र घेतलं. कॉलेजात तेच शिकायचं होतं. अमडापूरच्या घरात माझा पाय एका जागी ठरत नसे, येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करायची, "किंमत उतरली की मागणी वाढते."

आमच्याकडे मागणी म्हणजे पोरीला आलेलं स्थळ. एका दुपारी माय ज्वारी पाखडता पाखडता थांबली. "कोनाची मांगनी आली व? मले काऊन नाही सांगतलं?"

"बुकातली हाय, माय," मी चिडून म्हणाले.

त्यानंतर दाराशी सायकल थांबली तरी स्थळ आलं की काय म्हणून मी पुढचं वाक्य विसरायची.

परीक्षेला महिना उरला असताना मायनं माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "पाव्हने आले. लुगडं नेस. हे मांगनी बुकातली नाही."