चपलांचा राब

चैत्रात आमच्याकडं, शहापूर-मुरबाडच्या बाजूला, कुणी शहरातला पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेतं पेटवता कशाला? आणि हे विचारताना रुमाल नाकाला. मला अजून राग येतो. पूर्वी यायचा तो पाहुण्याचा यायचा, आता कुणाचा येतो ते पुढं कळेलच.

भात आधी एका लहान तुकड्यात दाट पेरतात आणि रोपं वीतभर झाली की उपटून मोठ्या शेतात लावतात. तो लहान तुकडा पेरणीच्या आधी भाजून काढायचा असतो. हाच राब. खाली शेण, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर बारीक माती. विस्तव वाऱ्याच्या उलट अंगानं लावायचा, म्हणजे तो धावत नाही, मातीखाली दबून धुमसत राहतो. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं आणि रोप उपटताना मूळ तुटत नाही. हे सगळं कुणी पुस्तकात वाचून करत नव्हतं.

पंधरा दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या गावांचे राब पेटायचे. धूर खाली बसून राहायचा आणि लांबचा सिद्धगड दिसेनासा व्हायचा. आईचं माहेर तिकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. ती अंगणात उभी राहून म्हणायची, गेलं बाई माझं माहेर, आता पावसाशिवाय परत यायचं नाही. आम्ही हसायचो. धुराला आम्ही कुणी प्रदूषण म्हणत नव्हतो. डोळे चुरचुरले की पदरानं पुसायचे आणि पुढच्या कामाला लागायचं.

आईचा राब गावात नावाजलेला होता. बाप कवळ तोडायचा, पण राब रचायची आणि पेटवायची आईच. विझल्यावर दुसऱ्या दिवशी ती मातीत चार बोटं खुपसायची आणि नुसत्या हाताला कळायचं तिला, भाजणी आतवर पोचली की नाही. बायका तिला आपल्या शेतावर बोलावून न्यायच्या, जरा बघ गो म्हणून. ती मुद्दाम आढेवेढे घ्यायची आणि मग लुगडं खोचून सगळ्यांच्या आधी पोचायची. मिरवायची हौस दांडगी होती तिला.

बाप गेला नव्वद सालानंतर तीन-चार वर्षांनी. त्याच सुमाराला मी लग्नाच्या घरातून परत आले होते. का आले ते इथं सांगायचं कारण नाही. दीड एकर जमीन आणि आम्ही दोघी बायका. एक-दोन वर्षांत बैल विकले, कारण चार दिवसांच्या नांगरणीसाठी वर्षभर दोन तोंडं पोसणं परवडेना. नांगरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला. ट्रॅक्टर शेण टाकत नाही, हे आमच्या राब रचायची वेळ आल्यावर ध्यानात आलं. कवळ तोडायला वरच्या वाडीतला एक गडी यायचा. झाडावर सरसर चढायचा. तोही एका वर्षी बायकापोरांसकट वीटभट्टीवर निघून गेला. तिथं उचल आधी हातात मिळायची, आम्ही देत होतो ते भात आणि तेही झोडणी झाल्यावर. त्याला कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं?

मग आईच रानात जायला लागली. झाडावर चढता येत नव्हतं, म्हणून पडलेला पाला गोळा करायचा, भारे बांधायचे आणि डोक्यावरून आणायचे. त्यातच तिला धाप लागायला लागली. आधी चढावर, मग सपाटीला, मग बोलताना. शहापूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, तोंडात ओढायचा पंप लिहून दिला आणि माझ्याकडं बघून सांगितलं की ह्यांना धुराजवळ जाऊ द्यायचं नाही, चुलीच्याही नाही आणि राबाच्या तर नाहीच. आणखी धूर गेला तर फुप्फुसं राहणार नाहीत. आई बाहेर येऊन म्हणाली की डॉक्टरनं कधी भात लावलेला दिसत नाय.

मी तेव्हा हायवेजवळच्या एका चपलांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. सकाळी सापगावच्या पुलावरून जीपनं जायचे, संध्याकाळी यायचे. आईला मी सरळ सांगितलं होतं, शेती सोडून दे. दुकानातला तांदूळ आपल्या तांदळापेक्षा स्वस्त पडतो. तिनं ते उडवून लावलं. जमीन पडीक दिसली की गाड्या घेऊन येणारे बंगलेवाले विकता का म्हणून विचारायला लागतात, हे तिला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर भात लावला नाही तर तिनं दिवसभर करायचं तरी काय?

कारखान्याच्या मागं चपलांचे तळवे कापून उरलेल्या पट्ट्यांचा डोंगर पडलेला असायचा. फोमासारख्या हलक्या, निळ्या, काळ्या, गुलाबी. एकदा थंडीत वॉचमननं मूठभर पेटवल्या आणि मी शेकायला उभी राहिले. काय आच होती! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. राबाला लागते ती आच. शेणाला बैल लागतात, कवळीला गडी लागतो, आणि हे तर फुकट. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, ने बाई, उपकार होतील, नाहीतर उचलून न्यायला मलाच टेम्पोवाल्याला पैसे मोजावे लागतात.

जीपच्या टपावरून रोज एक, अशा मी नऊ गोण्या आणल्या. आईनं एक पट्टी हातात घेऊन वाकवली, वास घेतला.

"हे मातीला चालंल का गो?"

"विस्तव तो विस्तव. मातीला काय कळतंय?" मी म्हटलं. "का तुला परत रानात मरायला जायचंय?"

माझी जीभ पहिल्यापासून अशीच. आईनं पट्टी परत गोणीत टाकली. तिची रानातली फेरी वाचली, धाप वाचली, असं मला वाटत होतं. मी मनातून खूश होते, अगदी मिरवत होते म्हटलं तरी चालेल. राब मी एकटी पेटवणार आणि ती घरात दार लावून बसणार, असं तिच्याकडून कबूलही करून घेतलं.

रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, मी राब रचला. शेणाच्या जागी पट्ट्या, वर थोडा पाचोळा, वर माती. पेटवला उलट्या अंगानं, आई लावायची तसाच. पण त्या पट्ट्या धुमसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या वितळल्या, मातीतून उकळी फुटल्यासारख्या वर आल्या आणि भडकल्या. काळा धूर, इतका काळा की मला माझेच हात दिसेनात. नेमका तेव्हा वारा उठला. पेटलेले तुकडे उडाले आणि बांधावरचं वाळलं गवत पेटलं. बांधापलीकडं आमच्या चुलत काकीची पेंढ्याची गंजी होती. तिच्या दोन म्हशींचा वर्षाचा चारा.

मी राबाच्या दुसऱ्या टोकाला होते. ओरडत धावले तर धुरात कुणीतरी ओल्या टहाळ्यानं गवत झोडपत होतं. आई. कबूल करून घेतलं होतं ते सगळं बाजूला ठेवून ती आली होती, राब बघितल्याशिवाय राहवलंच नसणार तिला. मी तिला बाजूला हो म्हणून हाका मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या. ती हटली नाही. शेवटची ज्वाळ विझेपर्यंत झोडत राहिली, मग बांधावर बसली आणि तिला उठता येईना. ओठ जांभळे पडले होते.

गंजी वाचली. आईला जीपमधून शहापूरला नेलं, तिथून नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ठाण्याला. अकरा दिवस मी तिच्या खाटेजवळ बसून होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय जाळत होता? मी म्हणाले, राब. एवढंच म्हणाले. पट्ट्यांचं सांगायचं धाडस झालं नाही.

घरी आली ती अर्धी होऊन. अंगणातून ओट्यावर यायचं तर मधे दोनदा थांबायची. काकीनं महिनाभर आमच्याकडं पेज पोचवली आणि एका शब्दानं मला टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

पाऊस आला, पेरणी मीच केली. जिथं पट्ट्या जाड पडल्या होत्या तिथं काळी खापरी धरली होती, तिच्यातून एक कोंब वर आला नाही. पण कडेला, जिथं पट्ट्या विरळ होत्या, तिथं रोप असं तरारलं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. तण नाही, काही नाही. मोठ्या शेताला रोपं कमी पडली, ती काकीनंच आपल्या उरलेल्यातून दिली. ह्या खेपेला आई शेताकडं फिरकली नाही. ओट्यावर बसून पावसाकडं बघत राहायची, आणि मी आत आले की नजर दुसरीकडं वळवायची. माझ्यावर रागावली नव्हती. मी रडेन म्हणून बघत नव्हती.

त्या हिवाळ्यात कृषी खात्याचे एक साहेब गावात येऊन गेले. राब जाळू नका, बांधावर झाडं लावा, त्यांचा पाला कुजवा, रोपं उंच वाफ्यावर करा, असं सांगत होते. आज वाटतं की माणूस खरं बोलत होता. पण झाड लावल्यावर पाला यायला तीन-चार वर्षं, आणि पेरणी सहा महिन्यांवर. लोकांनी चहा दिला, माना डोलवल्या आणि साहेब गेले.

माघ संपता संपता काकी आमच्याकडं आली. बराच वेळ आईच्या पायाशी बसून इकडचं तिकडचं बोलली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "यंदा आमाला पण आणशील का चार गोण्या? पातळ पसरू आमी. वर माती जास्ती टाकू."

मी तोंड उघडलं ते तिला घालवून द्यायलाच. हिची गंजी वाचवताना माझ्या आईचा जीव जायची वेळ आली होती, आणि आता हिलाच पट्ट्या हव्यात? पण काकीच्या म्हशींतली एक त्याच वर्षी विकली गेली होती. मुलगा भिवंडीच्या गोदामात, सून माहेरी. तिच्याकडंही पुरेसं शेण नव्हतं, कवळ नव्हती आणि तोडायला गडी नव्हता. तिनं कडेचं ते हिरवंगार रोप बघितलं होतं. गावानं सगळ्यानंच बघितलं होतं.

आई बोलायच्या आधी पंप ओढायची. तिनं तो ओढला आणि म्हणाली, "दे तिला. आवण नाय झाली तं ती खाईल काय?"

आवण म्हणजे रोपं. मी आईला आत नेऊन दबक्या आवाजात सांगितलं की हा धूर आपल्याच दारात येणार आहे, तुला सोसणार नाही, तुला कळतंय ना. तिला कळत होतं. ती म्हणाली, दारं लावून बसेन.

काकीला मी चार गोण्या आणून दिल्या. मग तिच्या शेजारच्यांना. मग लोक मला विचारेनासे झाले, कारण त्यांनी मुकादमालाच गाठलं आणि गोण्यांच्या जागी टेम्पो यायला लागला. दोन वर्षांत खालच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंत सगळे राब पट्ट्यांचे झाले. पातळ पसरलेले, वर माती जास्त टाकलेले. पांढरा धूर मी लहानपणापासून बघत आले होते. आता चैत्रात गावावर काळा थर बसायचा आणि रांजणातल्या पाण्यावरसुद्धा त्याची साय धरायची. मी आमचं शेत पडीक टाकलं. त्यानं काय होणार होतं? वाऱ्याला काय आमचा बांध माहीत होता?

मी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबायचे, दाराला ओलं पोतं टांगायचे आणि आईच्या तोंडावर ओला पदर धरायचे. धूर तरीही आत यायचाच. एकदा तिला तिकडं, माहेरी नेऊन ठेवावं म्हणून विचारलं, तर म्हणाली, तिकडं पण राबच हायेत.

तिसऱ्या चैत्रात, भर दुपारी, आई गेली. त्या दिवशी काकीचा राब पेटलेला होता. कुणीतरी निरोप दिला तशी ती अर्धा जळता राब टाकून धावत आली, इतर बायकाही आपापल्या शेतांतून आल्या. आईला अंघोळ घालायला त्याच बसल्या. काकी हंबरडा फोडून रडत होती, आणि मी तिच्या शेजारी तांब्यानं पाणी ओतत होते. सगळ्यांच्या लुगड्यांना जळलेल्या चपलांचा वास येत होता. पाटावर धुतलेल्या आईच्या केसांतही तोच वास होता, आणि तीन वेळा पाणी घातलं तरी तो गेला नाही.