पिशवीतला कोरडा शर्ट

मैत्रिणींनो, पावसाळ्यात रोज सकाळी मी जाड प्लास्टिकची पिशवी उघडून धरायची आणि हे त्यात डबा, ऑफिसात बदलायचे कपडे ठेवायचे. "आधी हवा काढ वं, मग पीळ दे," म्हणायचे. पिशवी बॅगेत, बॅग पाठीवर, आणि हे मोटरसायकलनं मौद्याला ऑफिसात.

यांना जाऊन वर्ष होत आलं. बॅग खुंटीवरच होती.

आज शेजारची सायली मिहानच्या ऑफिसातून निथळत आली. "काकू, बॅगवर कव्हर होतं, तरी लॅपटॉप भिजला!"

कव्हर पाठीकडून उघडं असतं, पाणी तिथूनच शिरतं. पिशवी आतून हवी. तिला दाखवायला मी यांची बॅग काढली, पिशवीचा पीळ सोडला. आत शेवटच्या दिवशी ऑफिसात घालून, निघताना बदलून ठेवलेला शर्ट होता. कोरडा. त्याला अजून यांचा वास होता.

"काकू, बंद करा ना लवकर," सायली कुजबुजली. मी पुन्हा पीळ दिला. आता तो वास किती टिकेल?

मुलांनो, तुम्हीही वाचताय म्हणून लिहिते. बॅग सायलीला. यांचा रेनकोट, यांच्यासोबत मौद्याला जायचे त्या प्रकाशभाऊंना. शर्ट मात्र कुणाला देऊ नका. मी गेले की माझ्यासोबत ठेवा.