नालीचा उतार आणि माझी सही

मी निवडून आले, त्या दिवशी हार नवऱ्याच्या गळ्यात पडले. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून मला उभं केलं होतं. नगरसेवक मी, पण लोक त्यालाच 'पार्षदसाहेब' म्हणत, पालिकेतली कामंही तोच बघे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटपासून बसनं तासाभरावरच्या आमच्या गावात कुणाला यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आज ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

दोन वर्षांनी आमच्या गल्लीत सिमेंटची नाली झाली. आठवडाही लोटला नाही, तोच गल्लीभरचं सांडपाणी आतल्या टोकाच्या घरात शिरलं. तिथं एक म्हातारी दाई एकटी राहते. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हातावर जन्मल्या. मी गेले तेव्हा ती खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. खाली काळं पाणी, त्यात भिजलेलं तांदळाचं पोतं.

"पार्षद तू हायेस ना?" ती म्हणाली. "मंग हे कोनाले सांगू? तुले, का तुह्या नवऱ्याले?"

माझे वडील मिस्त्री होते. पाणी भरलेली नळी धरून उतार कसा मोजतात, ते मी लहानपणीच शिकले होते. शेजारणीला नळीचं एक टोक धरायला लावलं आणि भर दुपारी सगळी नाली मोजली. रस्त्याकडचं टोक, जिथून पाणी मोठ्या नाल्यात पडायला हवं, तेच चार बोटं उंच होतं. पाणी दाईच्या घराकडे वळणारच होतं.

तशीच पालिकेत गेले. इंजिनियरनं माझ्या पाठीमागे पाहिलं. "भाईसाहब नहीं आए?"

"नाली उलटी बांधली आहे," मी म्हटलं.

त्यानं शांतपणे फाइल उघडली. "मॅडम, काम संतोषजनक है, ये तो आपने ही लिखकर दिया है."

कागदावर माझं नाव होतं, खाली माझी सही. तो कागद मी जन्मात पाहिला नव्हता. पण अक्षराचं ते वळण ओळखीचं होतं. मुलींच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तेच असतं.

नवरा जेवायला बसला होता. "माह्या नावाची सही तुमी केली?"

"हौ. ठेकेदार बिलासाठी घाईत होता. तुले काहून तरास द्याचा?"

"तरास? त्या म्हातारीच्या घरात घाण पोहून राह्यली!"

"आता बोंबलत फिरशीन तं मीच फसीन," तो म्हणाला आणि त्यानं भाताला हात घातला. त्याच हातानं माझी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला: ही सही माझी नाही. पालिकेच्या पुढच्या बैठकीत उभी राहून वाचला. दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "घर का मामला घर में निपटाओ." मी खाली बसले नाही. "आधी नोंद करा," एवढंच म्हणत राहिले. शेवटी बाबूनं वैतागून नोंद केली.

चौकशी झालीच नाही. आठ दिवसांनी ठेकेदाराची माणसं आली, गुपचूप नाली फोडली आणि नीट उतार देऊन पुन्हा बांधली. इंजिनियर तोच, ठेकेदार तोच. नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही, जणू गुन्हा मी केला होता.

दाईची माफी कुणी मागितली नाही. मी गेले. ती कोरड्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. "तू काहून माफी मांगतं?" तिनं विचारलं. "नाली काय तू बांधली?"

नाली मी बांधली नव्हती. पण माझ्या नावाचे कागद कुठे जातात, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. तिला तेवढंच सांगितलं आणि सूप माझ्याकडे ओढून घेतलं.