आधीच्याची सर नाही

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या इन्शुरन्स ऑफिसात मीटिंगला बसलो होतो. फोन सासूबाईंचा, हॉस्पिटलमधून. "नेल्सन, हे गेले हो... आधी मृणालला घ्या आणि मगच या, तिला एकटीला गाडी चालवू देऊ नका," एवढंच त्या बोलल्या. मृणाल म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. लिफ्टमधून खाली येताना मी सासरच्या फॅमिली ग्रुपवर चार शब्दांत कळवलं. बेसमेंटमध्ये गाडीपाशी पोचेपर्यंत पुण्याहून अप्पांच्या बहिणीचं, सुमनआत्याचं उत्तर आलं होतं: "आक्षेपार्ह, वहिनीला आणि मृणालला सांभाळ रे." ते वाचून मला पार्किंगमध्ये एकट्याला हसू फुटलं, आणि ते आवरता आवरता रडू कधी आलं ते समजलंच नाही. बाजूच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून "सब ठीक, भाई?" असं विचारलं. मी मान डोलावली आणि मृणालला घ्यायला निघालो.

हे 'आक्षेपार्ह' प्रकरण मुळापासून सांगायला हवं, कारण अप्पांचा आणि माझा सगळा संसार त्या एका शब्दावर उभा होता. अप्पांनी उमेदीची वर्षं उम्म अल कुवैनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात काढली आणि निवृत्तीनंतर दुबईत करामा भागातल्या त्याच जुन्या फ्लॅटमध्ये सासूबाईंसह राहिले. माणूस कडक मराठीवाला. मृणाल शिकायला अमेरिकेत गेली, तिथे केदार नावाच्या वर्गमित्राशी तिने लग्न केलं आणि अप्पा पहिल्यांदा तिकडे गेले, तेव्हा केदारने त्यांना युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये फुटबॉलची मॅच दाखवली. तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, बॉल काखोटीला मारून एकमेकांवर कोसळण्याचा अमेरिकन प्रकार. त्यांच्या पोरांचा तो कॉलेजचा खेळ बघायला आमच्या अख्ख्या वसई तालुक्याएवढी माणसं जमतात म्हणे. अप्पा त्या दिवशी जे वेडे झाले ते कायमचे. परत आल्यावर त्यांनी दोन कामं केली. पैसे भरून मॅच बघायची सोय केली आणि अख्ख्या खेळाचं मराठीकरण केलं. टचडाउनचा 'भूस्पर्श' झाला, खेळाडू घोळका करून कुजबुजतात त्याचं 'कोंडाळं' झालं, आणि बॉलला लाथ मारून पलीकडे पाठवतात त्याला त्यांनी गंभीर चेहऱ्याने 'लाथाळी' हा शब्द बहाल केला.

आता त्या युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये मुख्य कोचच्या हाताखाली एक माणूस असतो. हल्ला कसा करायचा, कुठली चाल खेळायची, बॉल लांब फेकायचा की पोटाशी धरून मधून घुसायचं, हे सगळं तो ठरवतो. त्याला म्हणतात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. अप्पांच्या कारखान्यात मराठी कामगारांसाठी भिंतीवर सूचना लागत, त्यात ऑफेन्सिव्ह भाषेसाठी 'आक्षेपार्ह' शब्द असे. तो त्यांनी उचलला आणि 'आक्षेपार्ह समन्वयक' तयार केला. 'आक्रमण' हा शब्द चालेल असं मृणालने फोनवर सुचवून पाहिलं, पण आक्रमण करायला तो काय अब्दाली आहे का, असं म्हणून त्यांनी तो फेटाळला. पुढे समन्वयक गळून पडला आणि नुसता आक्षेपार्ह उरला. त्या काळचा आक्षेपार्ह अप्पांचा जीव की प्राण होता. लांबच लांब फेकी, फसव्या चाली, हरताना सुद्धा बघणाऱ्याचे पैसे वसूल. आणि केदारही तसाच होता, हे मी त्याचा वारस असूनही कबूल करतो. देखणा, बोलका, सासऱ्याला न सांगता विमानाचं तिकीट पाठवणारा. पुढे त्याचं आणि मृणालचं जमलं नाही, भांडाभांडी न करता दोघं वेगळे झाले आणि ती दुबईत नोकरी धरून आली. तेव्हा तिचं ऑफिस आमच्याच टॉवरमध्ये, आमच्याच मजल्यावर होतं, तिथे मी भेटलो. वसईचा कॅथलिक, बेताच्या उंचीचा, आठवड्याचे डबे वार लावून फ्रीजमध्ये ठेवणारा.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या घरी वाटलं की तिकडे धर्मावरून गहजब होणार. अप्पांनी धर्माचा विषयच काढला नाही. "चर्चमधली मिस्सा किती वाजता असते तुमची?" एवढं विचारलं आणि रविवारची सकाळ मोकळी राहील ना याची खात्री करून घेतली. त्यांची अडचण वेगळीच होती. केदारला ते रिवाजाप्रमाणे 'केदारराव' म्हणत. मला त्यांनी एकदा 'नेल्सनराव' म्हणून पाहिलं, तर स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून झारा पडला. मग ते बराच काळ मला काहीच म्हणत नसत, नुसते घसा खाकरत.

मृणालने मला त्यांच्या फॅमिली ग्रुपमध्ये घातलं तो दिवस आणि अमेरिकेतल्या त्या टीमचा जुना आक्षेपार्ह दुसऱ्या युनिव्हर्सिटीत मोठ्या पदावर निघून गेला तो दिवस नेमका एकच निघाला. त्याच्या जागी आलेल्या माणसाची बातमी वाचून अप्पांना राहवलं नाही. फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणाऱ्या सगळ्या नातेवाइकांसमोर, माझ्या नावाखाली 'सुस्वागतम' आणि फुलांचे गुच्छ पडत असताना, त्यांनी लिहिलं: "नवा आक्षेपार्ह आला. आधीच्याची सर नाही, हे आजच सांगून ठेवतो. फोटोत तर अगदीच गरीब दिसतो. पण घेतलाच आहे तर दोनेक वर्षं बघू. नाही जमलं तर बदलता येतो."

फुलांचे गुच्छ पडायचे थांबले. मग नाशिकच्या एका चुलतभावाने सर्वधर्मसमभावावर एवढी लांब पोस्ट टाकली की ती वाचायला 'अधिक वाचा' तीनदा दाबावं लागलं. बेळगावच्या काकांनी "अगदी मनातलं बोललास" असं लिहिलं आणि लगेच पुसलं, पण आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं. सुमनआत्या तर फोनवर कडाडल्याच. "शरद, अरे पोरगा ग्रुपवर आहे! ख्रिश्चन असला म्हणून काय आक्षेपार्ह म्हणायचं? आणि बदलता येतो म्हणजे? पोरीचं लग्न आहे की प्रेशर कुकरची शिट्टी?" अप्पांना आपण काय केलंय ते उमजेना. त्यांनी खुलासा टाकला: "गैरसमज नसावा. हा फुटबॉलचा आक्षेपार्ह आहे." त्यावर आत्याचं उत्तर आलं: "फुटबॉल खेळतो का? मग तब्येत तरी बरी असेल."

सगळा उलगडा व्हायला दोन दिवस लागले, आणि झाल्यावर सगळे मनापासून हसले. मीही हसलो. नाव मात्र मला चिकटलं ते चिकटलंच. पुण्याला गेलो की पोरंसोरं "आक्षेपार्ह काका आले" म्हणून ओरडत दार उघडायची. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला एक किडा चावला होता. अप्पा नव्या आक्षेपार्हाबद्दल काहीही बोलले की ते त्याच्याबद्दल बोलतायत की माझ्याबद्दल, हे मला ओळखता येईना. दोघे एकाच मुहूर्तावर आलेले, दोघांनाही आधीच्याची सर नाही. या माणसाच्या तोंडून आपल्याबद्दल एक बरा शब्द ऐकायचा, एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी मृणालला सुद्धा सांगितली नव्हती.

म्हणून मी दर रविवारी सकाळी करामाला जायला लागलो. मॅच आमच्याकडे रात्रभर चालतात, त्यामुळे अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग बघत आणि तोवर निकाल कानावर येऊ नये म्हणून फोन पिठाच्या डब्यात ठेवत. मी शनिवारी संध्याकाळीच मिस्सा उरकून मोकळा. पुढे आमची मुलगी सियाही सोबत यायला लागली, आता ती चार वर्षांची आहे. अप्पा "भूस्पर्श!" म्हणून ओरडले की ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "नो आजोबा, इट्स टचडाउन." त्यावर त्यांचं तिचं दर रविवारी भांडण. आणि नवा आक्षेपार्ह? तो जिंकत होता हो! आधीच्यापेक्षा जास्त मॅच जिंकत होता. पण लांब फेकणं नाही, फसवाफसवी नाही. बॉल घ्यायचा, मधून घुसायचं, तीन यार्ड पुढे जायचं. पुन्हा घ्यायचा, पुन्हा तीन यार्ड. अप्पांचा जीव कासावीस व्हायचा. "रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा जिंकतो मेला," ते म्हणायचे. "आधीचा होता ना, तो हरला तरी आपण उठून उभे राहायचो." मी पोह्यांच्या बशीत बघत राहायचो. सासूबाई दुसऱ्यांदा पोहे वाढायच्या, तेही जरा जास्तच.

एकदा मी ठरवलं की आपणही एक लांब फेक करून बघायची. अप्पांच्या वाढदिवसाला कोणालाही न सांगता त्यांना वाळवंटात घेऊन गेलो, वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवतात त्या सफारीला. माणशी तीनशे दिरहॅम, म्हणजे सात हजारांच्या वर रुपये, असा हिशेब अप्पांनी गाडीत बसताना मोठ्याने केला. ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला हबीबी, बेल्ट!" आणि पहिली टेकडी उतरायच्या आत अप्पांनी सकाळचा शिरा त्याच्या स्वच्छ पांढऱ्या, पायघोळ कंदुऱ्यावर परत केला. "खलास," ड्रायव्हर म्हणाला, आणि आमची सफारी तिथेच संपली. परतीच्या रस्त्यावर अप्पा बराच वेळ डोळे मिटून होते. मी मेल्याहून मेल्यासारखा गाडी चालवत होतो. अचानक म्हणाले, "नेल्सन, हा तुझा खेळ नाही. तू आपला जमिनीवरून चाल." हे कौतुक की उपदेश की नुसती मळमळ, ते मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. मात्र त्या दिवसापासून मी 'नेल्सन' झालो, घसा खाकरणं बंद.

मग त्यांच्या किडनीचं दुखणं निघालं आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डायलिसिसला न्यायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात वेळ बदलून घेतली. करामा ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते करामा. त्यात काही थोर नव्हतं, रस्ता ऑफिसकडे जातानाचाच, थोडा वळसा पडायचा इतकंच. अप्पा बाजूला बसून माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायचे. "पुन्हा हाच रस्ता? सर्व्हिस रोडने घाल की एकदा! सगळ्या जगाला ठाऊक आहे तू कुठून जाणार ते." मी म्हणायचो, "अप्पा, पोचतो ना आपण वेळेवर?" "पोचतो रे," ते काचेबाहेर बघत म्हणायचे, "तो पण पोचतो." पाच वर्षं होत आली होती, तरी 'तो' त्यांच्या लेखी नवाच होता. मीही.

शेवटचा रविवार हॉस्पिटलमध्ये गेला. सासूबाई आणि मृणाल खाली कॅन्टीनला गेल्या होत्या. मी फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला होता आणि आदल्या रात्रीची मॅच लावली होती. अप्पांना चष्मा सुद्धा जड होत होता, मी तो धरून बसलो होतो. तेवढ्यात केरळची एक नर्स बीपी बघायला आली. नवीन होती, गप्पिष्ट. पट्टा गुंडाळता गुंडाळता तिने सहज विचारलं, "अंकल, ये बड़े दामाद हैं या छोटे?"

मी मान खाली घातली. या प्रश्नाला आमच्या घरात सरळ उत्तर नव्हतं. अप्पांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"एक ही है," ते म्हणाले.

"अच्छा, मतलब एक ही बेटी?"

"बेटी भी एक, दामाद भी एक," अप्पा जरा वैतागून म्हणाले, चालू मॅचमध्ये कोणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे. मग माझ्याकडे न बघताच, "चष्मा नीट धर. हलतोय."

तो हलतच राहिला. माझा इलाज नव्हता. स्क्रीनवर काय चाललं होतं ते मला दिसतही नव्हतं, अप्पांनीच मला सांगितलं की पुन्हा मधूनच घुसले.

आता काही आठवडे झालेत. रविवारी आम्ही करामाला जातोच. अप्पांच्या खुर्चीत सियाने बस्तान ठोकलंय आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यात एकही मॅच पुरती बघितली नाही, त्या आता माझ्या शेजारी लसूण सोलत बसतात. गेल्या रविवारी मी त्यांना बातमी सांगितली, नवा आक्षेपार्ह टीम सोडून चाललाय, त्याला दुसरीकडे मोठं काम मिळालंय. त्या लसूण सोलायच्या थांबल्या. "अगंबाई! चांगला होता की हो बिचारा." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "आणि आता जो कोणी येईल, त्याला नावं ठेवायची ना आपण?"

"ठेवायची तर," मी म्हटलं. "निदान पाच वर्षं."