वाळकाचं बी

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अंबूबाईंच्या (मी त्यांना आत्या म्हणते), वाकड्यात आमच्या गावात कुणी शिरत नाही. उभा जन्म मेंढरांमागं गेला. आता गुडघे गेलेत, म्हणून कवठेमहांकाळच्या पूर्वेला माळावरच्या घरात बसून त्या दोन शेरडं आणि एक सून सांभाळतात. सून म्हणजे मी, समीक्षा, माहेर कोरेगावचं. माझ्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही, हे त्या अजून आल्यागेल्या पाहुण्याला सांगतात. सासूच्या तोंडाला विसावा नाही, हे त्याच पाहुण्याला मी सांगते. असं आमचं लय चांगलं चाललेलं असतं.

तर हे वाळकाचं. वाळूक म्हणजे काकडीच्या कुळातलं दिसणारं, पण पिकलं की आपोआप चिरणारं आणि वासानं घर भरून टाकणारं फळ. गाडीत टिकत नाही, म्हणून बाजारात येत नाही. आत्यांच्या सासूनं मेंढरांमागं फिरताना कुठल्याशा वस्तीवरनं त्याचं बी आणलं आणि बाजरीच्या कडेला लावलं. तेव्हापासून दर साली चांगलं फळ बियाला राखायचं आणि बी राखेत घोळून वाळल्या भोपळ्यात भरून ठेवायचं. आत्यांचं सासूशी हयातभर पटलं नाही, पण तिचं बी त्यांनी एक साल चुकवलं नाही.

आणि ते बी बिघडलं. वेल तसेच, पानं तशीच, पण फळं धरली ती गोलसर, पाठीवर जाळी, आणि चवीला निव्वळ पाणी. आत्यांनी आधी मलाच धरलं, बियाच्या भोपळ्याशेजारी मी खताची पिशवी ठेवली म्हणून. पिशवीच्या शेजारानं फळाला जाळी येते हे मला नवीनच होतं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. दोन दिवस आमच्यात अबोला.

उलगडा केला इंद्रजितनं. हा माझा चुलत दीर. बांधापलीकडं त्याचं खरबूज असतं, खाली प्लास्टिकचा कागद, वर ठिबक. फळ नीट धरावं म्हणून तो मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतो. त्याचं म्हणणं, वाळूक आणि खरबूज सख्खी भावंडंच. माशी खरबुजाच्या फुलातनं उठते, अंगाला लागलेले पराग घेऊन वाळकाच्या फुलात शिरते, की झाला संकर. त्या साली फळ अगदी नेहमीसारखंच लागतं. बिघाड आत बियात असतो, तो पुढच्या साली उगवून वर येतो.

आत्या नेमक्या तिथंच फसल्या होत्या. फळ चाखलं, गोड लागलं, बी ठेवलं. चव बघून राखलेलं बीही फसवतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला त्यांची पहिल्यांदा कणव आली, पण ती दाखवायची सोय नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात भोपळा खरवडला तेव्हा तळाच्या राखेत जुनं, आधीच्या सालचं चिमूटभर बी निघालं. पेरलं तर दोनच वेल आले. एक शेरडानं खाल्ला. उरला एक. त्याच्याभोवती आत्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि खाट तिथंच टाकली.

वेलाला फुलं लागली आणि त्याच आठवड्यात बांधापलीकडं पेट्या उतरल्या. आत्या उठल्या, चुलीतलं पेटतं चिपाड घेतलं आणि निघाल्या. मी मागं धावले. पेट्यांपाशी इंद्रजित आडवा उभा राहिला. आत्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्यात आपलीही पिढी येते याचं त्यांना भान नव्हतं. चिपाडाचा निखारा त्याच्या सदऱ्यापासून वीतभर लांब होता.

"माश्या मारल्यास तर तुझ्याबी वेलाला फळ धरायचं न्हाई, काकी," तो म्हणाला. "माशीबिगर वाळूक हुतंय व्हय?"

आत्या तशाच उभ्या राहिल्या. चिपाड विझलं तेव्हा त्यांनी ते टाकून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच माशी झाल्या. ज्या फुलाच्या बुडाला इवलंसं वाळूक आधीच असतं ते मादी. ती कळी सांजेला लोकरीच्या दोऱ्यानं बांधायची, म्हणजे सकाळी माशी आत शिरणार नाही. उजाडलं की दोरा सोडायचा, नराचं फूल खुडून आत फिरवायचं, परत बांधायचं. पण त्यांचा हात थरथरतो. फुलाच्या पोटातला नाजूक भाग दुखावायचा, दोन दिवसांत इवलं फळ पिवळं पडून गळायचं. मी करून बघितलं, माझंही गळलं. तिकडं वेल शेंड्याकडनं सुकत चाललेला. मादीच्या कळ्या उरल्या होत्या तीन.

इंद्रजितनं पेटीवाल्याला फोन केला. त्यानं तोड सांगितली. वेलावर जाळी घाला, आणि एक छोटी पेटी सांजेला बंद करून जाळीत ठेवा. रात्रभर माश्या अंग झाडूनपुसून घेतात, जुना पराग निकामी होतो. सकाळी सोडल्या की त्यांना जायला तेवढाच एक वेल. माझा नवरा धुळा कुपवाडच्या कारखान्यातनं येताना मोठी मच्छरदाणी घेऊन आला. इंद्रजितनं स्वतःच्या खरबुजातली पेटी उचलून दिली. आत्या त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण पेटी ठेवायला जागा मात्र हातानं साफ केली.

सकाळी पेटीचं दार उघडलं. माश्या बाहेर आल्या आणि फुलांकडं बघेनात. सगळ्या जाळीवर जाऊन आपटायला लागल्या, चिडून. आम्ही तिघं जाळीबाहेर उभे. बऱ्याच वेळानं एक माशी खाली उतरली, नराच्या फुलात शिरली, पिवळी होऊन निघाली. आत्या पुटपुटल्या, "जा बाई, जा पुढं."

तेवढ्यात मला फाटलेलं दिसलं. जाळीचा कोपरा बाभळीच्या काट्यात अडकून हातभर उसवला होता, आणि खरबुजावरनं आलेल्या दोन माश्या त्या भोकाबाहेर घोटाळत होत्या. मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी पुढं होऊन ते भोक दोन्ही मुठीत आवळलं. मुठीत आतल्या माश्या सापडल्या. त्यांनी डंख मारले. मी ओरडले, आवं आत्या, सोडा. इंद्रजितनं त्यांचे हात धरले, तर त्यांनी त्याला कोपरानं ढकललं.

"सुई आण," त्या मला म्हणाल्या. "रडू नगंस, सुई आण."

मी घराकडं कशी गेले आणि कशी आले ते मला सांगता येणार नाही. सुईत दोरा जाईना, इंद्रजितनं ओवून दिला. मी त्यांच्या मुठीच्या कडेनं शिवत गेले आणि त्या एकेक बोट सोडत गेल्या. हात मनगटापर्यंत सुजून टम्म झाले होते, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि नजर सगळा वेळ त्या तीन फुलांवर. शेवटचा टाका घातला तेव्हा दोन माश्या मादीच्या फुलात डोकं खुपसून बसल्या होत्या. मग मात्र आत्या खाली बसल्या आणि मला म्हणाल्या की हात लय दुखत्यात गं.

तीनातली दोन फळं गळली. तिसरं धरलं.

त्याचं बी आम्ही या साली पेरलं. फुलं यायच्या आधीच मच्छरदाणी चढली, पेटी इंद्रजितनं न सांगता आणून ठेवली. पहिलं फळ पिकून चिरलं त्या सकाळी आत्यांनी मला तोडायला सांगितलं. लांबडं होतं, पाठीवर जाळी नव्हती, पण तेवढ्यावर आता त्यांचा भरवसा नव्हता. एक फोड तोंडात घातली. चावत राहिल्या. मग उरलेलं फळ पदरात घेऊन त्या बांध ओलांडून गेल्या. मी मागोमाग.

इंद्रजित ठिबकची नळी जोडत होता. त्यांनी त्याच्यापुढं फळ धरलं. त्यानं मातीचे हात विजारीला पुसले, फोड खाल्ली, आणि तोंड फिरवून माळाकडं बघत राहिला.

"आज्जीचंच हाय," तो म्हणाला.

आत्या बांधावर बसून पोरीसारख्या रडल्या. माझ्यासमोर त्या कधी रडल्या नव्हत्या, नवरा गेला तेव्हासुद्धा. मला काय करावं कळेना, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांनी तो ठेवू दिला. इंद्रजितनं फोडीतलं बी तळहातावर काढून, निवडून, त्यांच्यापुढं केलं.

त्यांनी त्याची मूठ मिटवली.

"तुझ्यापशी ठेव," त्या म्हणाल्या. "दोन घरांत आसलं, म्हंजी एकाचं चुकलं तरी मरायचं न्हाई."